हेब्बेट्टू

खानापूरच्या कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला पाठ लावून
माझं टेबल. एकतीस वर्षं.
एका बाजूला कन्नड फॉर्म, एका बाजूला मराठी अर्ज,
मधे शाईची गादी, जांभळी,
दोन्ही भाषांत सारखीच डागणारी.
अंगठ्याला इथे हेब्बेट्टू म्हणतात. मीही म्हणतो.

इनास बारदेसकर, दस्तलेखक.
पाटी तीनदा रंगवून झाली.
कुठली अक्षरं वर, कुठली खाली, यावरून
माणसं येऊन गेली, पोलीस येऊन गेले.
मी म्हटलं, ज्याचं राज्य त्याची पाटी.
टेबलाचा पाय डुगडुगतो, तो कुणी बघत नाही.

नातालीन वारली त्या रात्री
तिचा पुतण्या मिंगेल आला. "गादी घे आणि चल."
गोधोळीच्या वाटेवर गाडीतच त्यानं सगळं बोलून घेतलं:
मुलगी फ्लोरीन गदगला, रजिस्टर लग्न करून बसलेली,
मिस्सा नाही, कुरीस नाही,
"आणि जमीन तिला जाऊ द्यायची?
देवाला तरी चालेल काय गा इनास?"

देवाला.
मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

बायका तेर्स म्हणत होत्या. दार लोटलेलं.
मिंगेलनं चादरीखालून हात काढला.
अंगठा अजून वळत होता.
मी मागच्या मंगळवारची तारीख घातली
आणि पुसायला विसरलो.

तिला तशीच पुरली, जांभळ्या अंगठ्यानं.

त्यानंतर आठ वर्षं
ख्रिस्तशरीराची रांग लागली की मी बाकावरच.
बायकोला वाटायचं, गुडघे.

एका शनिवारी कुमसाराला बसलो.
जाळीपलीकडे नवा फादर, पोरगेलासा,
मंगळूरकडचा, मराठीत ठेचकाळणारा.
म्हणाला, "परत दे."
मी म्हटलं, तीन हजार होते, गरिबांच्या पेटीत टाकीन.
"पैसे नाही. ज्याचं त्याला."
नुसतं देवाला सांगून भागत नाही काय, फादर?
तो बराच वेळ गप्प.
"देवाला ठाऊक होतं," म्हणाला. "तिला नाही."

फ्लोरीनचा दावा कोर्टात पडून होता, साक्षीदारावाचून.
वकील म्हणाला, लायसन जाईल, कदाचित आतही जाशील.
मिंगेल, जो सणाला मूर्तीचा खांदा धरतो,
देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाला,
"काय करूलालास तू? आमचा की सरकारचा?"
मला उत्तर सुचलं नाही.
देवाचं ऐकणं इतकं कोरडं असतं, हे कुणी शिकवलं नव्हतं:
समन्स, सकाळची बस, बाकडं,
नाव पुकारेपर्यंत लघवीलाही जाता येत नाही.

कोर्टात भिंतीवर कुरीस नव्हता. कुणाचाच देव नव्हता.
सिंह होते, आणि दहा मिनिटं मागे चालणारं घड्याळ.
बेंच क्लार्कनं आधी कन्नडात विचारलं,
मग माझं तोंड बघून मराठीत:
"देवाच्या नावानं शपथ, की नुसतं खरं सांगीन म्हणून?
दोन्ही चालतं."

दोन्ही चालतं.
एवढ्या मोठ्या सरकारानं एक खिडकी उघडी ठेवली होती,
आत कोण येतं ते न विचारता.
मी म्हटलं, देवाच्या.
टायपिस्टबाई म्हणाल्या, ऐकू येत नाही.
देवाच्या नावानं,
म्हटलं जोरात.

बाहेर फ्लोरीन उभी होती, नवरा थोडा लांब, छत्री धरून.
आभार मानेल असं वाटलं नव्हतं, मानलेही नाहीत.
विचारलं फक्त,
"कुठला? डावा की उजवा?"
"उजवा. बायकांचा उजवा घेतात."
ती पायरीवर बसली
आणि स्वतःचा अंगठा
लुगड्याच्या पदरानं पुसत राहिली.